आरसा टूल रूमच्या बाहेर सापडला

मी विमान चालवत नव्हतो. हे आधी सांगून टाकतो, कारण आष्ट्याला, आमच्या गावी, गेलो की आजही कुणीतरी माझी ओळख करून देताना उजवा हात तिरका वर नेतो आणि म्हणतो, "हे आपले विमानवाले." मी हवाई दलात इंजिनियर होतो. लढाऊ विमान उडायच्या आधी ते उडण्याजोगं आहे, असं सांगणारा आणि तशी सही करणारा. वैमानिक त्या सहीच्या भरवशावर वर जातो. तो खाली येईपर्यंत सही करणाऱ्याला चहाची चव लागत नाही. आमच्या कामातलं थरारक म्हणावं असं एवढंच.

पहिल्यांदा रजेवर आलो तेव्हा थोरल्या चुलत्यांनी ओसरीवर बसवून चौकशी केली होती.

"उडिवतोस न्हाई म्हणतोस. मग करतोस काय?"

"दुरुस्ती बघतो, आबा."

"म्हंजी ग्यारेजच की रं."

"हो, गॅरेजच."

"मग विहिरीवरचं इंजान बघ जरा. लय धूर टाकतंय."

मी म्हणालो, त्या इंजिनाचं पुस्तक असल्याशिवाय मी हात लावणार नाही. आबांनी ओसरीवरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "बघा गड्यानो. सरकारचं आभाळात उडतंय ह्याच्या जिवावर, आन् घरचं पाणी उडवाय पुस्तक लागतंय!"

सगळे हसले, मीही हसलो. पण मी खरं तेच सांगितलं होतं. आमच्या धंद्यात "पाठ आहे" ही जवळजवळ शिवी आहे. एखादा बोल्ट आयुष्यभर आवळला असला, तरी तो किती आवळायचा हे दर वेळी पुस्तक उघडून वाचायचं आणि मगच पाना लावायचा. स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही. हा नियम मी शेकडो पोरांना शिकवला. तो मी स्वतः कधी मोडला, त्याचीच ही हकिकत आहे. पण ती कळायला आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

जेट इंजिन म्हणजे तोंड उघडं ठेवून धावणारा राक्षस. समोर येईल ते आत ओढतो. खडा, खिळा, चिंधी, पाखरू, काहीही. आत पाती इतक्या वेगानं फिरतात की हरभऱ्याएवढा खडासुद्धा इंजिन नासवतो. म्हणून रोज सकाळी धावपट्टीवर आम्ही सगळे, साहेब काय आणि शिपाई काय, खांद्याला खांदा लावून एका रांगेत खाली माना घालून चालायचो आणि खडे वेचायचो. आईला हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं शिकून खडंच येचायचं हुतं, तर घरात तांदूळ काय कमी हुता का?"

आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे वैमानिक. देवमाणसं, पण लाडावलेली. एकानं तक्रार नोंदवली, "कॉकपिटमध्ये मुंग्या आहेत." आम्हाला वाटलं थट्टा. पाहिलं, तर खरंच मुंग्यांची रांग, आणि ती नकाशे ठेवायच्या कप्प्यात जात होती. कप्प्यात कागदात गुंडाळलेले डिंकाचे लाडू. आईनं पाठवले होते म्हणे, मेसमध्ये ठेवले की मित्र खातात. मी हसून सोडून देणार होतो. तेवढ्यात टूल रूमचे प्रमुख, सार्जंट रांजणे, पुढं आले आणि त्या तरुण अधिकाऱ्यासमोर खाडकन सॅल्यूट करून हिंदीत विचारते झाले, "सर, आणले किती होते?"

"का?"

"पोटात किती गेले आणि विमानात किती राहिले, मेळ लागला पाहिजे. एखादा घरंगळून पायाखालच्या दांड्यात अडकला, तर विमान वळायचं नाही."

तो बिचारा बोटं मोजायला लागला. मेळ लागेना. रांजण्यांनी सीट बाहेर काढायला लावली. अर्धा लाडू सापडला, तेव्हाच विमान सोडलं. पुढं तो वैमानिक रांजण्यांना दर दिवाळीला लाडू पाठवायचा, आणि चिठ्ठीत आकडा लिहायचा.

हे तुकाराम रांजणे मेढ्याकडचे. डोंगरातला माणूस, अंगानं काटक, बोलणं मोजकं. त्या तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे चारचौघांत हिंदी आणि एकटे असलो की आमची सातारी चालायची. माझी पत्नी शालन त्यांना भाऊ म्हणायची. मेढ्याहून आले की घरी हातसडीचा तांदूळ यायचा.

टूल रूमच्या भिंतीवर मोठा फळा असे. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवरच ते हत्यार टांगलेलं. पाना काढला की पान्याच्या आकाराची रिकामी जागा लांबून दिसते. हत्यार घेणाऱ्यानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्या जागी अडकवायचा. संध्याकाळी फळा भरलेला दिसला पाहिजे. एक जागा जरी रिकामी असली आणि तिथं बिल्ला नसला, तर हत्यार कुठल्यातरी विमानात राहिलं असं धरायचं आणि ते सापडेपर्यंत एकही विमान हलवायचं नाही. विमानाच्या पुस्तकात लाल शेरा मारला जातो. लाल शेऱ्याचं विमान सेनापती आला तरी उडत नाही.

आता माझ्याबद्दल. सत्कारसमारंभांत मला "कुटुंबवत्सल" म्हणतात. ही स्तुती खरी आहे, आणि सगळा घोळ तिच्यातूनच झाला. आमच्या मुलीच्या, मंजूच्या, वाढदिवसाला मी कधी चुकलो नाही. त्या दुपारीही तिचा वाढदिवस होता आणि मला घरी पळायचं होतं. पण एका विमानाच्या इंजिनामागं तेलाचा ओघळ दिसला. स्वतः पाहावं म्हणून मी फळ्यावरून आरसा उचलला. दंतवैद्याकडे असतो तसा, टोकाला रुपयाएवढा गोल आरसा आणि खाली ओढली की लांब होणारी दांडी. जिथं डोकं जात नाही तिथं तो घालून पाहायचं. बिल्ला मी अडकवला नाही. दोन मिनिटांचं काम, आणि मी अधिकारी. ओघळ किरकोळ निघाला. मी दांडी मिटवली, आरसा परत ठेवला, असं मला पक्कं आठवत होतं, आणि घरी गेलो.

सकाळी कामावर आलो तर सगळी विमानं उघडी. पत्रे काढलेले, सीटा खाली उतरवलेल्या. संध्याकाळच्या मोजणीत आरशाची जागा रिकामी दिसली, तसा रांजण्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांवर लाल शेरा मारला होता. आणि त्याच दिवशी फार वरचे पाहुणे येणार होते, आमची विमानं त्यांच्यासमोरून उडायची होती.

"साहेब, काल तुमी आरसा घेतला हुता?"

"घेतला होता. परत ठेवला."

"ठेवताना कुणी बघितलं?"

"तुम्ही माझी साक्ष काढताय का?"

"न्हाई साहेब. आरसा शोधतोय."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, असला आरसा गावात मिळतो, जीप पाठवतो, तासाभरात फळा भरतो. हत्यार कुणी चोरलं असेल ते मागाहून बघू. आज लिहिताना लाज वाटते, पण मी हे म्हणालो. इंजिनियर होतो, पुस्तकाशिवाय विहिरीच्या पंपाला हात न लावणारा.

रांजणे म्हणाले, "बाजारातला आरसा फळ्यावर बसंल, साहेब. आपला कुठं हाय ते न्हाई कळणार. मी शेरा न्हाई पुसणार."

मी त्यांना नको ते बोललो. टूल रूम सांभाळता येत नाही, असं माणसांसमोर बोललो. पण शेरा त्यांनी पुसला नाही, आणि तो पुसल्याशिवाय मला सही करता येईना. विमानं उडाली नाहीत. पाहुणे नुसत्या चहावर परत गेले.

दुपारी हँगरच्या फाटकावर शालन दिसली. कॉलनीत बायकांत बातमी पोचली होती की दांडीचा आरसा हरवलाय. आणि आमच्या ओट्यावर मंजू त्याच आरशानं शेजाऱ्यांच्या भिंतीवर कवडसे पाडत होती. धुवायला टाकलेल्या माझ्या पँटच्या खिशात तो तिला मिळाला. वाढदिवसाची राहिलेली भेट, असं तिला वाटलं. शालननं तो रुमालात गुंडाळला आणि उन्हातून चालत आली. पहारेकरी आत सोडेना, तेव्हा रांजणेच फाटकावर गेले.

"भाऊ, ह्यांच्या पँटमध्ये होता हो. पोर खेळत बसली होती."

रांजण्यांचे पहिले शब्द मी ऐकले. "बरं झालं वयनी, विमानात न्हवता."

शालन परत गेली. मी जवळ पोचलो आणि मागोमाग आमच्या कमांडिंग ऑफिसरांची जीप आली. ते उतरलेसुद्धा नाहीत.

"मिला?"

"मिला, सर," रांजणे म्हणाले.

"कहाँ?"

रांजण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "टूल रूम के बाहर, सर."

मी समोरच्या विमानाकडे पाहत राहिलो. जीप गेली.

टूल रूमचे प्रमुख म्हणून लेखी ताकीद रांजण्यांना मिळाली. एवढ्या मोठ्या दिवशी दडपणाला न जुमानता विमानं रोखली म्हणून शाबासकी मला, कारण कागदावर त्या विमानांचा जबाबदार अधिकारी मी होतो. संध्याकाळी शालननं विचारलं, "सांगितलंत ना साहेबांना? भाऊंवर यायला नको." मी म्हणालो, "हो, झालं सगळं." रांजण्यांची पुढं दुसऱ्या तळावर बदली झाली. ते वॉरंट ऑफिसर होतील असं सगळे धरून चालले होते. सार्जंट म्हणूनच घरी गेले.

त्यानंतर मी नोकरी चांगली केली, हे खोट्या विनयाशिवाय सांगतो. मोठ्या हुद्द्यावर गेल्यावरही साधा स्क्रू ड्रायव्हर घेताना बिल्ला अडकवायचो. पोरं म्हणत, साहेब वेडे आहेत. माझ्या हाताखालच्या एकाही विमानानं माणूस गमावला नाही, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो. हवाई दलानं आष्ट्याच्या शेतकऱ्याच्या पोराला जे दिलं ते सात जन्मांत फिटणार नाही. धाकट्या भावानं ऊस आणि आईवडील दोन्ही सांभाळले, म्हणून मी निर्धास्त राहिलो. शालननं किती घरं उभारली आणि मोडली, तिचं तिलाच माहीत. मला सगळं मिळालं. एवढं मिळालेल्या माणसाला एक गोष्ट बोलायला इतका वेळ का लागावा?

मी गप्प होतो, गोष्ट गप्प नव्हती. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला राहायला आलो, तिथं ती माझ्याआधी पोचली आणि वाढत गेली. मंजू इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी नव्या वर्गाला ती पहिल्या दिवशी सांगते की माझ्या बाबांनी एका आरशासाठी सगळी विमानं थांबवली होती. तो आरसा आपल्याच हातात होता हे तिला आठवतही नाही. ती तेव्हा फार लहान होती, आणि आम्ही घरात तो विषय काढत नव्हतो.

यंदा साताऱ्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शालन पहिल्या रांगेत. निवेदक रंगात आला होता. "एका बेफिकीर सार्जंटनं हत्यार हरवलं! पण आपले साहेब डगमगले नाहीत!" टाळ्या झाल्या. मी शालनकडे पाहायचं टाळलं.

परतताना गाडीनं कऱ्हाड ओलांडलं, तशी शालन माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बेफिकीर सार्जंट कोण हो?"

मी सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"मी उन्हातून तो आरसा घेऊन आले, ते त्या माणसाला अडकवायला?"

"शालन..."

"तुम्ही मला 'झालं सगळं' म्हणालात. मी भाऊंना पत्र घातलं असतं, तेही राहिलं. मला वाटलं, तेच विसरले आपल्याला." थोड्या वेळानं म्हणाली, "मेढ्याला कधी जायचं ते सांगा. मी येणार आहे."

पुढच्याच आठवड्यात गेलो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीवर लिहायला सांगितलं होतं, आणि गाडीतल्या त्या बोलण्यानंतर हीच हकिकत लिहायची ठरवली. पण रांजण्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नव्हतं. शिवाय मनात असंही होतं की गावानं त्यांना इतकी वर्षं हत्यार हरवणारा म्हणून नावं ठेवली असतील. त्यांच्या माणसांसमोर मी खरं सांगेन आणि त्यांच्यावरचा डाग पुसेन. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो.

रांजणे अंगणात भाताचं बियाणं निवडत बसले होते. पाठ अजून ताठ. मला पाहून उठले, सॅल्यूटला हात वर गेला आणि अर्ध्यावरच त्यांनी तो नमस्काराला जोडला. "या साहेब. या वयनी. घाट लागला न्हाई न्हवं?"

त्यांच्या मंडळी पाणी घेऊन बाहेर आल्या. तांब्या ठेवला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि नवऱ्याला विचारलं, "ह्योच का त्यो आरशावाला साहेब?"

"गप गं," रांजणे म्हणाले.

"गप कशापायी? आख्ख्या मेढ्याला ठावं हाय. आवं साहेब, पोरीच्या हातात आरसा आन् हितं आमच्या मालकाच्या कपाळाला शेरा!"

मी जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नाही. रांजण्यांनी पहिल्याच रजेत घरी सगळं खरं सांगितलं होतं. त्यांच्या गावात त्यांच्यावर डाग नव्हताच. खोटी गोष्ट फक्त सांगलीत नांदत होती, माझ्या घरात.

मी हात जोडले. म्हणालो, "माझं चुकलं, रांजणे. तुमची बढती गेली."

"गेली. खोटं कशाला बोलू, साहेब? लय वाईट वाटलं. घरी आल्यावं लय दिस कुणाशी नीट बोललो न्हाई."

"म्हशीशी बोलायचे," त्यांच्या मंडळी म्हणाल्या.

"म्हस उलट बोलत न्हाई," रांजणे म्हणाले. शालनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही.

मी विचारलं, "पण कमांडिंग ऑफिसरांना तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

ते सुपातलं बियाणं हातानं सारखं करत राहिले. "तुमी शेजारीच हुबं हुता की. म्हटलं, आता बोलतील. आपल्या तोंडानं बोललेलं बरं. जीप गेली तवा कळलं, न्हाई बोलत."

 मग त्यांनीच चहा सांगितला, आणि विमानांची चौकशी केली. नवी विमानं कशी आहेत, टूल रूमचा फळा अजून तसाच असतो का. निघताना मी मंजू वर्गाला काय सांगते तेही सांगितलं आणि विचारलं, हे लिहिलं तर चालेल का, तुमच्या नावासकट.

"लिवा. नाव घाला, गाव घाला. माझी ना न्हाई. पर एक करा. पोरीला आदी सांगा. छापलेलं वाचून तिला कळाय नगं."

मेढ्याला जाताना मी घाबरलो नव्हतो, इतका परतताना घाबरलो. शाबासकी परत करता येते. सरकारी कागद बदलत नाहीत, पण त्यांचं कुणाला काही वाटतही नाही. मंजूच्या नजरेतला मी मात्र त्याच एका गोष्टीवर उभा होतो.

रविवारी ती जेवायला आली. शालन मुद्दाम स्वयंपाकघरात थांबली. म्हणाली, "हे तुमचं तुम्ही सांगा. या वेळी मी काही घेऊन येणार नाही." मी मंजूला समोर बसवलं आणि वाढदिवसाच्या दुपारपासून मेढ्याच्या अंगणापर्यंत सगळं सांगितलं. बिल्ला, बाजारचा आरसा, माणसांसमोर बोललेले शब्द, जीप. काही गाळलं नाही.

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग शिक्षिकेच्या सवयीनं नेमका प्रश्न विचारला. "बाबा, त्या वेळी तुम्ही बोलला असतात, तर तुम्हाला काय झालं असतं?"

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. नोकरी गेली असती, असं काहीतरी मोठं धरून बसलो होतो. पण मला नियम ठाऊक होते. "ताकीद," मी म्हणालो. "फार तर बढती थोडी लांबली असती."

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठून खिडकीशी गेली.  स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"गोष्ट मी वर्गाला सांगणारच," ती म्हणाली. "विमानं रांजणेकाकांनी थांबवली, असं सांगेन. तुमचं नाव गाळणार नाही मी. कुठं गप्प बसलात ते सांगेन आणि आज मला काय सांगितलंत तेही सांगेन. चालेल?"

"गाळू नकोस," मी म्हणालो.

तिनं पानं घेतली. माझं पान नेहमीच्या जागी, तिच्या शेजारीच मांडलं.